दुर्बिणीतली फुली

आमच्या घरात कुठलीही वस्तू दुकानातून सरळ येत नाही. आधी तिची एक्सेल शीट होते. मिक्सरची झाली, मिनीव्हॅनची झाली, लेकीच्या दातांना तारा बसवायच्या होत्या तेव्हा चार डेंटिस्टांची झाली. शीटमध्ये कॉलम, कॉलमांना गुण, गुणांना टक्के, आणि सगळं झाल्यावर एका चौकटीला हिरवा रंग. हिरवी चौकट आली की आमच्याकडे चर्चा संपते. माझा नवरा इथं चँडलरमध्ये एका चिप फॅक्टरीत सिलिकॉनवरच्या रेघांची जाडी मोजतो. पंचवीस वर्षं तो त्या एवढ्याएवढ्याशा रेघा मोजतोय, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट मोजली की कळते असा त्याचा ठाम समज झालाय. कप्पाळ! मी औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी असते. गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे तीन वेळा सांगूनही माणसं घरी जाऊन उलटंच करतात. मोजून काही कळत नाही, हे मला रोज दिसतं.

तर ह्या माणसानं सबंध दीड महिना घालवून बंदुकीच्या दुर्बिणीतली फुली निवडली. हो, फुली. रायफलीवर जी दुर्बीण बसवतात, स्कोप म्हणतात तिला, तिच्यातून पाहिलं की मधोमध एक आडवी-उभी रेघ दिसते. जिथं त्या रेघा एकमेकींना छेदतात तिथं गोळी जाते. एवढीच ती गोष्ट. तिला रेटिकल म्हणतात आणि तिचे इतके प्रकार आहेत की लग्नाच्या साड्या परवडल्या.

रायफल नवऱ्याची नाही, बाप्पा! त्याला पाल दिसली तरी तो मला हाक मारतो. रायफल लेकीसाठी. लेक आमची तेवीस वर्षांची. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षात तिनं कॉलेज सोडलं आणि वर फ्लॅगस्टाफला एका जनावरांच्या दवाखान्यात नोकरी धरली. घोडे, गाई, बकऱ्या. डॉक्टर टाके घालते आणि आमची लेक जनावराचं डोकं मांडीवर धरून बसते. हे ऐकून नवऱ्यानं तिच्याशी बोलणं टाकलं. भांडला असता तर बरं झालं असतं. पण नाही, पुण्याचं ना रक्त! फोन आला की "जेवलीस का?" आणि "गाडीचं ऑइल बदललंस का?" एवढे दोन प्रश्न विचारायचा आणि फोन माझ्याकडे द्यायचा. दोन वर्षं असं चाललं. मधल्या मधे मी दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवत होते आणि दोघांवरही चिडत होते.

तिथल्या डॉक्टरीणबाई सत्तरीच्या, एकट्या, आणि शिकारी. त्यांच्यामुळे लेकीला शिकारीचं वेड लागलं. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी म्हटलं, अगं, दिवसभर जनावरं वाचवतेस आणि सुट्टीच्या दिवशी मारणार? काय तर्कट आहे हे? ती म्हणाली, "आई, तू चिकन खातेस ना? ते कोण मारतं, तुला माहितीये?" मी फोन ठेवला आणि त्या रात्री मुद्दाम वरणभात केला.

इथं वाटेल तेव्हा जाऊन हरीण मारता येत नाही. सरकारकडे अर्ज करायचा, सोडत निघते, आणि नाव आलं तर एक टॅग मिळतो. एक टॅग, एक हरीण. लेक दोन वर्षं अर्ज करत होती, त्यातलं पहिलं आमच्यापासून लपवून. मागच्या उन्हाळ्यात तिचं नाव निघालं. फोनवर इतकी आनंदात होती की मला वाटलं लग्न ठरवलं की काय. मग जरा शांत झाल्यावर म्हणाली, "आई, मला फक्त एकच गोष्ट हवीये. त्याला कळायला नको. एक गोळी, आणि त्याला काही कळायच्या आत संपायला हवं. दवाखान्यात मी अर्धवट मेलेली जनावरं खूप धरलीयेत. माझ्या हातून तसं नाही व्हायला पाहिजे." मी थट्टा करणार होते, पण नाही केली.

हे सगळं नवरा शेजारी बसून ऐकत होता. तो उठला, त्यानं माझ्या हातातून फोन घेतला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिसरा प्रश्न विचारला. "स्कोप कुठला आहे?"

डॉक्टरीणबाईंनी लेकीला आपली जुनी रायफल वापरायला दिली होती आणि तिच्यावर जुना स्कोपही होता. त्यातली फुली अगदी साधी. चारी बाजूंनी जाड काड्या आत येतात आणि मध्याजवळ बारीक होतात. बस. त्यावर बाईंनी तीस वर्षं हरणं मारली. हे ऐकून नवऱ्याला जी दया आली! जणू लेक बैलगाडीतून ऑफिसला जाते असं कोणी सांगितलं होतं त्याला. "तीस वर्षांपूर्वीची टेक्नॉलॉजी? छे छे, मी घेऊन देतो." आणि त्याच संध्याकाळी शीट उघडली.

मग काय विचारता! पहाटे उठून व्हिडिओ. जेवताना व्हिडिओ. दाढीवाले, टोपीवाले, गाडीच्या टपावर बसून बोलणारे बाप्ये, आणि एकेकाचा असा आव की काल रात्री देवानं स्वप्नात येऊन फुली कशी असावी ते सांगितलं. एक म्हणतो साधी घ्या, दुसरा म्हणतो साधी घेणारे अडाणी. तिसरा नुसता वाऱ्यावर पाऊण तास बोलला. नवरा सगळ्यांच्या नोंदी करायचा. पण एक सांगते, रोज रात्री तो लेकीला फोन करायचा. दोघं अर्धा-अर्धा तास बोलायचे. ती हसायची, मला बाहेरच्या खोलीत ऐकू यायचं. मी भांडी घासता घासता नळ बंद करून ऐकायचे.

आम्ही एकदा दुकानातही गेलो. काउंटरवर एक शांत, जाडजूड माणूस होता. त्यानं एकच प्रश्न विचारला, मुलगी किती लांबून मारणार? नवरा म्हणाला, वर्स्ट केस आठशे यार्ड धरू. त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, त्या भागात झाडी आहे, बहुतेक जण दोनशेच्या आत मारतात, तेही उजाडताना नाहीतर मावळताना, तेव्हा साधी जाड फुली घ्या, अंधुक उजेडात दिसते. किती सरळ बोलला बिचारा. गाडीत बसल्यावर नवरा म्हणाला, "सेल्समन आहे. ह्याला ऑप्टिक्समधलं काय डोंबल कळतंय?" मी म्हटलं, आणि तुला हरणातलं? त्यानं रेडिओ लावला.

शेवटचा निर्णय शनिवारी आमच्याकडे पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं आपापला पदार्थ आणायच्या जेवणाला, झाला. कारण आमच्या लोकांत कुठलीही मोठी खरेदी एकट्यानं करायची नसते. चार जणांनी डोकी लावायची, म्हणजे चुकलं तर चौघांचं. नवरा आणि त्याचे तीन मित्र: एक त्याच्याच फॅक्टरीतला, एक मुलुंडचा आयटीवाला, आणि एक आमच्या नागपूरचा, जो कांदा-लसूणही खात नाही. ह्या चौघांतल्या एकानं जरी आयुष्यात कोंबडी कापलेली पाहिली असेल तर मी नाव बदलीन. पण टीव्हीवर शीट लावून असे बसले होते की उद्या सीमेवर जायचंय.

"बुलेट ड्रॉप कन्सिडर केलास का?" गोळी लांब जाताना खाली येते ना, त्याबद्दलचा हा प्रश्न कांदा न खाणाऱ्याचा. एका हातात साबुदाणा वडा.

"केलाय ना. म्हणूनच साधी फुली बाद. खाली मार्किंग पाहिजेच."

"यार, मग नुसतं खाली कशाला? वारा पण आहे. साइडला पण डॉट घे."

"एक्झॅक्टली. फुल ग्रिड घे. नको असेल तर वापरू नको, पण असलेली बरी."

असलेली बरी! ह्या दोन शब्दांनी आमच्या लोकांची अर्धी घरं भरलीत. तीन राइस कुकर, दोन ट्रेडमिल, पाहुणे आले तर म्हणून बारा गाद्या. आणि आता हरणाच्या छातीवर धरायला एक ग्राफपेपर. ती फुली मी टीव्हीवर पाहिली. मधे बारीकसा ठिपका, त्याच्या खाली रेघांवर रेघा, दोन्ही बाजूंना ठिपक्यांच्या रांगा, खाली खाली रुंद होत जाणारं झाड. शिवाय तिची एक खुबी होती, तिच्यावर चौघेही फिदा. झूम वाढवला की फुलीपण मोठी होते, कमी केला की फुलीपण बारीक होते, त्यामुळे मापं कधी चुकत नाहीत. मी वडे ठेवताना विचारलं, मग झूम कमी केल्यावर ती दिसते का? मुलुंडचा म्हणाला, "वहिनी, लांबचंच मारायचं असतं, झूम कमी करायचाच कशाला?" चौघे हसले. आतून लाल दिवा लागणारी फुली मिळत होती, तर बॅटरी थंडीत दगा देते म्हणून तीसुद्धा ह्यांनी एकमतानं बाद केली. हिरवी चौकट आली. टाळ्या वाजल्या, खरंच वाजल्या.

आणि ज्या मुलीच्या डोळ्याला ती फुली दिसायची होती, तिला कोणी विचारलं नाही. हे मी तेव्हाच मनात म्हटलं होतं. म्हणून तर चीड येते.

स्कोप आला. नवरा स्वतः फ्लॅगस्टाफला घेऊन गेला, बापलेक नेमबाजीच्या एका रेंजवर जाऊन भर दुपारच्या उन्हात कागदावर गोळ्या मारून आले. पांढरा कागद, लख्ख ऊन, पूर्ण झूम. एकूण एक ठिपका स्पष्ट. आल्यावर त्यानं मला तो भोकं पडलेला कागद दाखवला आणि फ्रिजवर लावला. लेक शाळेत पहिली आली होती तेव्हाही इतका खूश नव्हता.

ऑक्टोबरात नवरात्रात लेक घरी आली. रायफल घेऊनच आली, कारण बापाची फर्माईश होती. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. हत्यारं म्हणजे दरवर्षी माझी विळी, नवऱ्याचा स्क्रू ड्रायव्हरचा संच आणि दोघांचे लॅपटॉप. ह्या वर्षी पाटावर मधोमध रायफल. रिकामी आहे ना, हे मी चार वेळा विचारलं. नवऱ्यानं सोवळं नेसलं होतं, ज्याला एरवी संकष्टी कधी आहे तेही माहीत नसतं. त्यानं स्कोपला हळदकुंकू वाहिलं, काचेला लागू नये म्हणून आधी टोपणं घातली, झेंडूची माळ त्याच्याभोवती दोन वेढे देऊन बसवली. मग मागे सरकून हात जोडून उभा राहिला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मी ओठ चावून हसू दाबत होते.

मी पुरणाचा गॅस बंद करायला आत गेले, तर लेक मागोमाग आली. दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, एक सांगू? मला तो स्कोप नकोय."

"का गं?"

"मी तिकडे रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर जंगलाच्या कडेला धरून बघते. उजेड कमी झाला ना, की मला सेंटर सापडतच नाही. झूम कमी केला तर सगळं कोळ्याच्या जाळ्यासारखं होतं. कुठला ठिपका मधला, कुठला बाजूचा, आय कॅन्ट टेल. डॉक्टरांचा जुना आहे त्यातून लगेच दिसतं. तो परत लावायला एक दिवस लागेल. बाबांना तू सांगशील? मला नाही जमणार."

बघा. सोपं होतं. दार उघडायचं, चार पावलं चालायचं, आणि म्हणायचं, अरे, पोरीला दिसत नाहीये. मी, जी दीड महिना त्या माणसाची टर उडवत होते, जिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की हा सगळा पोरखेळ आहे, त्या मी दाराच्या फटीतून बाहेर पाहिलं. तो अजून पाटासमोर होता. माळ जरा सरकली होती ती नीट करत होता.

मी म्हणाले, "राहू दे गं. एवढ्या हौसेनं आणलाय त्यानं. पूजासुद्धा केली आज. दोन वर्षांनी तुझ्याशी धड बोलायला लागलाय. एकदाच तर वापरायचाय. त्याचं मन नको मोडूस."

"पण आई..."

"होईल सवय. चांगला आहे म्हण त्याला. तेवढंच बरं वाटेल."

ती "ओके" म्हणाली आणि बाहेर गेली. मी तिला बाबांना सांगताना ऐकलं, "बाबा, खूप छान दिसतोय स्कोप." आणि मला काय वाटलं सांगू? मला स्वतःचं कौतुक वाटलं. म्हटलं, मी होते म्हणून हे घर टिकलं.

नोव्हेंबरात सीझन लागला. डॉक्टरीणबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्या येऊ शकत नव्हत्या. नवऱ्याला फॅक्टरीतून सुट्टी मिळाली नाही. एकटी जाऊ नको म्हणून मी गेले. दशम्या, चटणी, थर्मास आणि दोन स्वेटर घालून मी जंगलात! आमच्या माहेरी कोणाला सांगितलं तर हसून मरतील. पहिल्या दिवशी काही दिसलं नाही. दुसऱ्या पहाटे लेकीनं मला एका दगडामागे बसवलं आणि हूं की चूं करायचं नाही म्हणून बजावलं. ती माझ्यापुढे दोन हातांवर आडवी झाली.

सूर्य यायचा होता. सगळं करडं. करडी झुडपं, करडी जमीन, आणि मग झुडपातूनच एक तुकडा सुटून चालायला लागावा तसं हरीण बाहेर आलं. लांब कान, मोठी शिंगं. फार तर ऐंशी पावलांवर. आठशे यार्ड म्हणे! त्याच्या नाकातून वाफ निघताना मला चष्म्यातून दिसत होती. लेकीनं स्कोपला डोळा लावला. झूम अगदी कमी केला असणार, कारण इतक्या जवळ दुसरं काही करताच येत नाही. मला तिची पाठ दिसत होती. ती स्थिर होईना. डोकं जरा वर, जरा खाली, परत वर. ती शोधत होती. मला कळत होतं ती काय शोधतेय. देवाशपथ, मला त्या क्षणी कळत होतं, आणि मी तोंड उघडलं नाही.

हरणानं मान वळवली, ते निघणारच होतं, आणि तिनं गोळी झाडली.

ते उडालं, पाठ वाकवून, आणि झुडपात गेलं. लेक तशीच पडून राहिली. मग म्हणाली, "पोटात लागली." थोड्या वेळानं, "बाजूचा ठिपका होता, आई. मी मधला समजले." एवढंच. रडली नाही, ओरडली नाही. मला एक सणसणीत शिवी दिली असती तरी चाललं असतं.

पोटात गोळी लागलेल्या हरणामागे लगेच जायचं नसतं. मागे लागलं की ते मैलोन्मैल पळत राहतं. सोडलं तर जवळच कुठंतरी बसतं. तिला हे शिकवलेलं होतं. म्हणून आम्ही त्या दगडापाशी दुपारपर्यंत बसलो. ती घड्याळ बघत होती. मी दशमी पुढे केली तर नको म्हणून नुसती मान हलवली. मग आम्ही निघालो. एक थेंब इथं, एक थेंब दहा पावलांवर. मी गुडघ्यांवर रांगत होते, पालापाचोळा उलटून बघत होते, एखादं लाल पान दिसलं की ओरडायचे आणि ते नुसतंच लाल पान असायचं. खडकाळ भाग लागला तिथं माग संपला. अंधार पडेपर्यंत आम्ही त्याच उतारावर गोल गोल फिरलो. रात्री गाडीत ती डोळे उघडे ठेवून पडली होती.

सकाळी सापडलं. एका ओढ्याच्या कडेला, माग संपला तिथून फार लांब नाही. ते मेलं नव्हतं. मान वर करून आमच्याकडे बघत होतं. पूर्ण एक दिवस आणि एक रात्र ते तिथं तसं बसून होतं. उठायला गेलं, पुढचे पाय टेकवले, आणि परत बसलं. लेकीला आता स्कोपची गरज नव्हती. ती अगदी जवळ गेली. मी पाठ फिरवली. आवाज झाला. वळून पाहिलं तर ती मांडी घालून बसली होती आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं, दवाखान्यात घेते तसं. मग ती रडली. "सॉरी, सॉरी, सॉरी" म्हणत रडली, त्याला, मला नाही.

मांस बरंचसं नासलं होतं. जे चांगलं होतं ते तिनं नीट कापून घेतलं, टॅग लावला. मी तिला पाणी ओतून देत होते, हात धुवायला. मला सांगायचं होतं की चूक माझी आहे. चार वेळा तोंडाशी आलं. मी म्हटलं, "स्वेटर घाल, गार आहे."

टेकडीवर आल्यावर गाडीत फोनला रेंज आली आणि फोन वाजायला लागला. नवरा. कालपासून शंभर मेसेज. लेकीनं स्पीकर लावला.

"काय गं? मिळालं?"

"मिळालं, बाबा."

"अरे वा! वा वा वा! एका गोळीत?"

तिनं फोन डॅशबोर्डवर टेकवून ठेवला.

"हो, बाबा."

"आणि रेटिकल? दिसलं ना नीट?" मग त्याचा आवाज जरा खाली आला. इतका मऊ आवाज मी त्याचा वर्षानुवर्षांत ऐकला नव्हता. "हे बघ, खरं सांग हां. मला मागाहून वाटायला लागलं होतं की आम्ही चौघांनी जरा अतीच केलं. तुला विचारलंच नाही. तुला नसेल आवडलं तर अजिबात संकोच करू नको. मी खोका जपून ठेवलाय, सीझन संपेपर्यंत बदलून देतात. तुला हवं ते आणू. साधं तर साधं. मला काहीच वाईट वाटणार नाही."

लेकीच्या नखांत अजून रक्त होतं. तिनं ते दुसऱ्या हाताच्या नखानं कोरत सरळ, गोड आवाजात, सुट्टीत आजीशी बोलायची तसं स्वच्छ मराठीत उत्तर दिलं, "नाही बाबा, खूप छान आहे. सगळं अगदी स्पष्ट दिसलं."

तिकडे त्यानं आनंदानं कुणाला तरी हाक मारली. आणि तिनं माझ्याकडे पाहिलं, बरोबर बोलले ना, असं विचारल्यासारखं.

मी मान डोलावली.